पुसणारीला विचारून फरशी घ्या

घर बांधायला काढलं की आपल्याकडे चर्चा कशावर होते? वास्तूवर, देवघराच्या दिशेवर, भिंतींच्या रंगावर आणि किचनच्या ट्रॉल्यांवर. फरशीचा विषय अगदी शेवटी निघतो. तोवर कर्जाचे पैसे संपत आलेले असतात, वास्तुशांतीचा मुहूर्त तोंडावर आलेला असतो. मग कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ‘वहिनी, फरशीचं माझ्यावर सोडा, एकदम चकचकीत माल आणतो.’ आपण मान डोलावतो. पुढची पंचवीस-तीस वर्षं त्या चकचकीत मालावर वाकून फडकं फिरवायचं काम मात्र आपलंच असतं.

त्यात हल्ली एक नवी हौस आली आहे, ती लाकडी फरशीची. मालिकांमधल्या श्रीमंत घरांत ती दिसते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये मुलाच्या नाही तर भाच्याच्या बेडरूममध्ये आपण ती पाहून येतो. दिसायला सुंदर, पायाला उबदार. मग वाटतं, आपल्याकडेही असावी. महिला मंडळाच्या आणि बचत गटांच्या कामानिमित्त माझं गावातल्या बऱ्याच घरांत जाणं-येणं असतं. गेल्या दोन-तीन वर्षांत निदान चार-पाच जणींनी मला विचारलं, ‘ताई, तुम्ही एवढी घरं बघता, लाकडी फरशी करू का हो?’ तेव्हा मी हा विषय जरा मनावर घेतला. वखारवाल्यांशी बोलले, फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींना विचारलं, दुकानांतून नमुने घरी आणून त्यांवर पाणी ओतून पाहिलं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, अशा फरशीवर ज्या राहतात त्या बायकांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

अस्सल लाकूड आपल्याला का परवडत नाही?

पैशाचं सोडा, आधी हवेचं बघू. लाकूड तोडलं, तासलं तरी हवेतली ओल शोषून घ्यायचं सोडत नाही. दमट हवेत ते फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. पावसाळ्यात घट्ट बसणारं दार उन्हाळ्यात सैल होतं, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. एका दाराची ही कथा, तर अख्ख्या खोलीभर फळ्या टाकल्यावर काय होईल? कोकणात जुलैमध्ये त्या फुगून एकमेकींना ढकलतील आणि विदर्भात मे महिन्यात त्यांच्यात फटी पडतील. दुसरा शत्रू वाळवी. तळमजल्याच्या घरात जमिनीतून ती कधी वर आली ते कळतही नाही.

तिसरी गोष्ट आपल्या सवयीची. थंड देशांत पाय गार पडू नयेत म्हणून घरात लाकूड घालतात. तिथे घर बादलीभर पाण्यानं कुणी धूत नाही. आपल्याकडे दिवाळीआधी घर धुतल्याशिवाय चैन पडत नाही आणि रोजचं पुसणंही ओल्या फडक्यानंच. लाकडाला हे सोसत नाही. शिवाय फरशीच्या योग्यतेचं सागवान तयार व्हायला काही दशकं लागतात. पायाखाली घालायला एवढं जुनं झाड कशाला तोडायचं?

आपल्या जुन्या लोकांना लाकडाची काय कमी होती? वाड्यांमध्ये सागवानी खांब, तुळया, कडीपाट असायचाच. पण माडीवर त्या फळ्यांवर मातीचा थर देऊन जमीन सारवलेली असायची. लाकूड डोक्यावर, माती पायाखाली, असा त्यांचा हिशेब होता.

तरीही लाकडाचं रूप हवंच असेल, तर त्याला पर्याय पुष्कळ आहेत. एकेक नीट समजून घेऊ, कारण दुकानात सगळ्यालाच ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणतात आणि तिथेच आपली फसगत होते.

लॅमिनेट : दिसतं तसं नसतं

बाजारात लाकडी फरशी म्हणून जे सर्रास दाखवतात ते बहुतेक वेळा लॅमिनेट असतं. लाकडाचा बारीक तंतू दाबून केलेला पुठ्ठ्यासारखा घट्ट बोर्ड, त्यावर लाकडाच्या रेषांचं छापील चित्र आणि त्यावर कडक पारदर्शक थर. वरचा थर चांगला मजबूत असतो, सहज ओरखडे पडत नाहीत. जाडी साधारण आठ ते बारा मिलिमीटर. खोक्यावर ‘एसी’ असं लिहून पुढे आकडा असतो. तो आकडा जितका मोठा तितका वरचा थर टिकाऊ. घरासाठी एसी ३ किंवा एसी ४ पुरतं. त्याच खोक्यावर ‘ई १’ हा शिक्काही बघा. बोर्ड चिकटवायच्या रसायनातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू बाहेर पडत असतो आणि तो किती कमी आहे, हे त्या शिक्क्यावरून कळतं. लहान मुलं असलेल्या घरात हे पाहिलंच पाहिजे.

लॅमिनेटचा दोष एकच, पण मोठा. सांध्यातून पाणी आत गेलं की बोर्ड फुगतो आणि कडा वर उचलल्या जातात. एकदा फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. चिपळूणला २०२१ च्या जुलैमध्ये पूर आला, तेव्हा माझ्या मामेबहिणीच्या घरातही पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर त्यांनी चिखल काढला, जुनी शहाबादी घासूनपुसून धुतली आणि चार दिवसांत तिच्यावर चूल मांडली. शेजारच्यांच्या खोलीतलं लॅमिनेट मात्र पापडासारखं फुगलं होतं. ते सगळं उचकटून टाकावं लागलं. पूर रोज येत नाही हे खरं, पण कूलरचं पाणी सांडणं, खिडकीतून पावसाची झड येणं, लहान मुलानं शू करणं हे तर आपल्याकडे रोजचंच.

इंजिनिअर्ड वुड आणि बांबू

इंजिनिअर्ड वुड म्हणजे खाली प्लायवूडसारखे आडवे-उभे थर आणि वर खऱ्या लाकडाची दोन ते चार मिलिमीटरची पट्टी. थर आडवे-उभे असल्यानं ते अखंड लाकडापेक्षा कमी हलतं. वरचं लाकूड खरं असल्यामुळे रूपही खरं. पण किंमत भारी आणि पाण्याशी वाकडं ते वाकडंच. वरच्या मजल्यावरची, कोरडी, कमी वावराची खोली असेल तरच त्याचा विचार करावा.

बांबूची फरशी अनेकींना माहीत नसते. बांबू हे खरं तर गवत. तीन ते पाच वर्षांत तो कापायला तयार होतो आणि कापल्यावर पुन्हा फुटतो, म्हणून झाड तोडल्याचं पाप नाही. बांबूच्या पट्ट्या किंवा धागे डिंकात दाबून त्याच्या फळ्या करतात. दाबून केलेली फळी चांगलीच टणक असते. भारतीय वन कायद्यात २०१७ साली बदल झाला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून निघाला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडणं सोपं झालं. सिंधुदुर्ग, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्याच जिल्ह्यांतला बांबू पायाखाली आला तर कुणाला आवडणार नाही? मात्र साचलेलं पाणी त्यालाही चालत नाही, हे लक्षात ठेवा.

व्हिनाइल आणि एसपीसी

पाण्याची भीती नसलेला ‘लाकडी’ पर्याय म्हणजे व्हिनाइल. त्यात दोन प्रकार. एक, गुंडाळी करून मिळणारं शीट. स्वस्त, भाड्याच्या घरात जुन्या फुटक्या फरशीवर अंथरायला सोयीचं, पण जड पलंग ओढला की फाटतं. दुसरा प्रकार एसपीसी. यात चुनखडीची पूड आणि पीव्हीसी मिसळून केलेल्या चार ते सहा मिलिमीटरच्या पट्ट्या असतात. एकीची कड दुसरीत अडकवत जायची, सिमेंट नको की धूळ नको. जुनी फरशी फोडावी लागत नाही, ही मोठीच सोय. एक खोली दिवसभरात होऊन जाते. ओल्या फडक्यानं पुसता येतं, कडा फुगत नाहीत.

पण यालाही पथ्यं आहेत. गरम कुकर किंवा कढई खाली ठेवली तर डाग कायमचा. समई, निरांजन, उदबत्तीची राख यांचंही तेच, त्यामुळे देवघरापुढे हे नको. दिवसभर थेट ऊन येणाऱ्या खोलीत पट्ट्या तापून प्रसरण पावतात आणि रंगही उडतो. भिंतीकडेनं थोडी फट सोडून वर स्कर्टिंग लावावं लागतं. रबराच्या तळाची पायपुसणी कायम एकाच जागी राहिली तर तिचाही पिवळट डाग पडतो.

आणि एक फार महत्त्वाचं. आपल्या जुन्या तळमजल्याच्या घरांत जमिनीतून ओल वर येते. वरून व्हिनाइल घातलं तर ती ओल खालीच कोंडते आणि कुबट वास सुटतो. म्हणून आधी एक साधी परीक्षा करा. दोन फूट बाय दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं फरशीवर चिकटवा. एक दिवस आणि एक रात्र राहू द्या. काढल्यावर आतून थेंब दिसले किंवा फरशी काळपट झालेली दिसली, तर तिथे व्हिनाइलही नको आणि लॅमिनेटही नको. पावसाळ्यात ही परीक्षा केली तर अधिक चांगलं.

याच कुळातली एक जुनी गंमत सांगते. व्हिनाइलला काही दुकानदार लिनोलियम म्हणतात, पण अस्सल लिनोलियम वेगळं. इंग्लंडमध्ये १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन यांनी ते शोधलं आणि त्याचा जीव होता चक्क जवसाचं तेल! त्यात बुचाचा आणि लाकडाचा भुसा मिसळून ते तागाच्या कापडावर पसरायचे. आपण ज्या जवसाची चटणी करतो, त्याच्या तेलावर तिकडे घरंच्या घरं चालत होती.

लाकडाचं रूप, टाइलचा जीव

मला विचाराल तर, लाकडाची हौस आणि आपली राहणी यांचा मेळ घालायचा असेल तर लाकडी दिसणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स हा सर्वांत बिनधोक मार्ग. माती, सिलिका वगैरे दाबून साधारण बाराशे अंश तापमानात भाजलेली ही टाइल जवळजवळ पाणी पीतच नाही. गुजरातेतलं मोरबी हे आपल्या देशातलं या धंद्याचं मोठं केंद्र. हल्ली आठ इंच बाय चार फूट अशा लांबट पट्ट्या मिळतात, त्यांवर लाकडाच्या गाठी-रेषा इतक्या हुबेहूब छापलेल्या असतात की हात लावल्याशिवाय ओळखू येत नाही. वाळवी नाही, फुगणं नाही, हवं तितकं धुवा. खलबत्ता पडला तर टवका उडेल आणि थंडीत पाय गार पडतील, एवढंच. गार पायांना आपल्या सतरंज्या आहेतच की!

बसवून घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून उभं राहा. दोन टाइल्समध्ये निदान दोन मिलिमीटरची फट ठेवायला लावा. ‘फट दिसत नाही, छान वाटतं’ म्हणून मिस्त्री अगदी चिकटवून बसवतात आणि मग उन्हाळ्यात टाइल प्रसरण पावून टपकन उचलली जाते. बसवल्यानंतर एकेका टाइलवर नाण्यानं टकटक करा. पोकळ आवाज आला की ती काढून पुन्हा बसवून घ्या. त्या फटीत भरायला स्वयंपाकघरात तरी इपॉक्सी ग्राउट वापरा. साध्या पांढऱ्या ग्राउटवर हळद सांडली की ती कायमची.

घरचं सोनं : शहाबादी, कोटा आणि मोझॅक

नव्याच्या नादात आपण आपल्या दगडाला विसरतो. शहाबादी येते कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून, कोटा राजस्थानातून, तांदूर तेलंगणातून आणि ओट्याचा काळा कडप्पा आंध्रातून. हे सगळे चुनखडीचे दगड. त्यांच्यावर लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा बाथरूमचं ॲसिड सांडलं की चमक खातात, एवढं एक पथ्य पाळलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. आणि टाइलला जे जमत नाही ते यांना जमतं. पंधरा-वीस वर्षांनी मशीन फिरवून पॉलिश केलं, दरजा नव्यानं भरल्या की फरशी पुन्हा नवी. भर उन्हाळ्यात दुपारी शहाबादीवर नुसतं अंग टाकून पाहा, एसीची आठवण होणार नाही. मराठवाड्या-विदर्भातल्या मैत्रिणींना हे सांगायला नको.

जुन्या घरात नक्षीदार सिमेंटच्या फरश्या असतील तर त्या अजिबात फोडू नका. पूर्वी अशा फरश्या परदेशातून येत. १९२२ मध्ये मुंबईत भारत टाइल्स ही कंपनी सुरू झाली, ती स्वदेशीच्या भावनेतूनच. त्या फरश्या भट्टीत भाजलेल्या नसतात, दाबून पाण्यात मुरवलेल्या असतात आणि वापरून वापरून त्यांना तुकतुकी येते. मोझॅकचंही तसंच. लोक ते ‘जुनाट’ म्हणून झाकतात, पण पॉलिश केल्यावर एखाद्या नव्या टाइलच्या थोबाडीत मारेल असं दिसतं.

खरा प्रश्न घसरण्याचा

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येते. आमच्या गल्लीत एक आजी होत्या. होत्या म्हणजे आजही आहेत, पण पूर्वीच्या राहिल्या नाहीत. वय चौऱ्याहत्तर, रोज पहाटे देवळात काकडा, दुपारी भिशी, संध्याकाळी नातवंडांना परवचा. मुलानं हौसेनं नवं घर बांधलं. पांढरीशुभ्र, आरशासारखी फरशी, लाइट लावला की चेहरा दिसावा अशी. तिसऱ्या महिन्यात आंघोळ करून ओल्या पायांनी देवघराकडे जाताना आजी घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली, पण त्यानंतर वॉकर काही सुटला नाही. देऊळ बंद, भिशी बंद. आजींचं सगळं करण्यासाठी सुनेनं चांगला चाललेला शिवणक्लास बंद केला. मी भेटायला गेले तेव्हा आजी एवढंच म्हणाल्या, ‘जुन्या घरात चाळीस वर्षं शहाबादीवर ओल्या पायानं धावले गं, कधी पडले नाही.’

एका फरशीपायी दोन बायकांचं जग चार भिंतींत आलं. मुलाचा यात काय दोष? त्यानं आईसाठी सर्वांत महागडी टाइल आणली होती. फक्त आणण्याआधी आईला तिच्यावर ओल्या पायानं चालवून पाहिलं नव्हतं.

म्हणून सांगते, फरशी लाकडी असो, दगडी असो की टाइल, ‘ग्लॉसी’ म्हणजे आरशासारखी नको. ‘मॅट’ मागा. न्हाणीघर, मोरी, अंगण, जिना इथे ‘अँटिस्किड’ मागा. काही खोक्यांवर आर ९ पासून आर १३ पर्यंत आकडा असतो. आकडा मोठा तितकी पकड जास्त. घरात आर ९ किंवा आर १० ठीक, ओल्या जागी आर १० किंवा आर ११. फार खरखरीतही नको, तिच्यात मळ साचतो आणि घासून घासून आपलीच कंबर जाते. आकडा नसेल तर नमुना घरी आणा, त्यावर साबणाचं पाणी टाका आणि कुणाचा तरी हात धरून अनवाणी उभं राहून बघा. आपल्या पायाइतका खरा रिपोर्ट दुसरा नाही.

घरात आधीच चकचकीत फरशी असेल तर फोडाफोडी करायची गरज नाही. न्हाणीघराबाहेर न सरकणारी, रबरी तळाची पायपुसणी ठेवा (व्हिनाइलवर मात्र ती रोज उचलून वाळवा). सैल गोधड्या, घड्या वाटेत टाकू नका. न्हाणीघरात आणि देवघराच्या वाटेवर भिंतीला धरायला दांडी बसवा. पुसताना साबणाचा अंश राहू देऊ नका आणि फरशी वाळेपर्यंत घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तिकडे जाऊ देऊ नका. हे सगळं मिळूनही एका टाइलच्या खोक्याइतका खर्च येईल.

सगळ्या घरभर एकच कशाला?

अलीकडेच आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीच्या घरात हाच पेच होता. मुलाचं लग्न ठरलेलं, त्याला सगळ्या घरात लाकडी फ्लोअरिंग हवं. सासूबाईंचं म्हणणं, जुनी शहाबादी हलवायची नाही, ती मामंजींनी पहिल्या ऊसबिलातून घातलेली. नवऱ्याला चकचकीत टाइल हवी, पाहुणे काय म्हणतील? माझ्या मैत्रिणीला कुणी काही विचारलंच नव्हतं. मंडळाच्या बैठकीत ती हसत म्हणाली, ‘मला काय, जी घालतील ती पुसायची.’ आम्ही साऱ्याजणी हसलो, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी तिला एवढंच सांगितलं, ‘घरातली कुठली खोली कोण, कशासाठी आणि किती वेळ वापरतं, ते कागदावर लिहून काढ आणि आज जेवताना सगळ्यांपुढे ठेव.’

तिनं ते केलं. कागदावर उतरल्यावर भांडण उरलंच नाही. स्वयंपाकघर, माजघर आणि सासूबाईंची खोली इथली शहाबादी राहिली, फक्त पॉलिश झाली आणि दरजा भरल्या. बाहेरच्या खोलीत लाकडी रूपाच्या मॅट टाइल्स आल्या, पाहुण्यांसाठी आणि नवऱ्यासाठी. वरच्या मजल्यावर, जिथे ओल नाही आणि ऊनही थेट येत नाही, त्या मुलाच्या खोलीत एसपीसी आलं. सगळं मिळून खर्च पहिल्या बेताच्या निम्म्यावर आला, कारण अर्धं घर फोडावंच लागलं नाही. उरलेल्या पैशात न्हाणीघराला अँटिस्किड टाइल आणि दोन दांड्या बसल्या. ती यादी तिनं लिहिली होती, हे आता घरात सगळे कौतुकानं सांगतात.

दुकानात जाण्याआधी

खोलीचं माप घ्या. समजा, खोली १२ फूट बाय १५ फूट आहे, म्हणजे १८० चौरस फूट. कापाकापीत वाया जाणारी म्हणून दहा टक्के धरा, म्हणजे १९८. एका खोक्यात १६ चौरस फूट माल असेल तर १३ खोकी लागतील. वर एक खोकं जास्तीचं घेऊन माळ्यावर ठेवा. चार वर्षांनी एखादी टाइल फुटली तर तीच छटा पुन्हा मिळत नाही.

फक्त चौरस फुटाचा भाव विचारून तुलना करू नका. बसवायची मजुरी, सिमेंट-वाळू किंवा चिकटवायचं मटेरियल, स्कर्टिंग, पॉलिश, जुनी फरशी काढून राडारोडा उचलणं आणि भाडं हे सगळं मिळवून मग बघा. दगड स्वस्त वाटतो पण त्याला पॉलिशचा खर्च आहे. एसपीसी महाग वाटतं पण त्याला तोडफोड नाही.

नमुना घरी आणल्याशिवाय ठरवू नका. त्यावर हळद, तेल, लिंबाचा रस आणि चहा टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुसा. दुकानातल्या शंभर लाइटमध्ये जे पांढरं दिसतं, ते आपल्या ट्यूबलाइटमध्ये राखाडी दिसतं. फार गडद रंगावर धूळ दिसते, फार फिक्या रंगावर केस आणि डाग दिसतात. मधला, थोड्या रेषा-ठिपक्यांचा रंग झाकून नेतो.

बिल पक्कं घ्या आणि त्यावर मालाचं नाव, जाडी, ग्रेड लिहून घ्या. ‘वुडन’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका.

आणि शेवटचं. दुकानात फक्त कर्ता पुरुष आणि कॉन्ट्रॅक्टर असे दोघेच गेले तर माल डोळ्यांनी निवडला जातो. घरातली जी बाई पुसते ती आणि जी आजी काठी टेकत चालते ती, या दोघींना बरोबर न्या. कामाला येणाऱ्या मावशी असतील तर त्यांनाही विचारा. दहा घरच्या फरश्या पुसून कुठली लवकर निघते आणि कुठली जीव काढते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दुकानदार दोन मिनिटं चमकेल, पण मग तोही चप्पल काढा म्हणेल आणि नमुना जमिनीवर मांडेल. खुर्चीत बसून, कॅटलॉग चाळून फरशी निवडायची नसते. तिच्यावर उभं राहून निवडायची असते.